अकरा लढती जिंकल्या, पण कोणासमोर?

धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एका गावाहून एका वडिलांचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. घरची शेती, पऱ्हाटी आणि तूर. मुलगा 19 वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, 60 किलो वजनगटात बॉक्सिंग खेळतो. आजवर 11 लढती खेळला आणि अकराही जिंकला. वडील मोहम्मद अलीचे भक्त. मुलगा रॉकी मार्सियानोचा, कारण मार्सियानो 49 लढती खेळला आणि एकदाही हरला नाही. जेवणं झाली की ओसरीत बसून मोबाइलवर जुन्या लढती पाहायच्या आणि झोप येईपर्यंत भांडायचं, असं बापलेकांचं वर्षभर सुखात चाललं होतं. मग ग्रामपंचायतीने मुलाचा सत्कार केला. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"सरपंच म्हनाले, अकरा खेळला अन् अकराही जिंकला. मी गमतीनं म्हनलं, जिंकला पन कोनासंग? तुह्या मार्सियानोवानीच, सारे म्हातारे नाहीतं नवशिके! लोकं हासले. पोरगा नाही हासला. तवापासून माह्यासंग बोलत नाही. जागलीच्या नावानं वावरातच झोपते. आता अकोल्याले मोठी स्पर्धा हाये, तं तिथं जातच नाही म्हनते. त्याची माय म्हनते तुमीच त्याचं मन मोडलं. तुमी सांगा, मी खोटं बोललो का? चॅम्पियनची किंमत त्यानं कोनाले हरवलं याच्यावरूनच ठरते का नाही?"

सोबत अकराही लढतींची यादी आहे, वहीच्या आखीव पानावर. ती जोडलीत हे फार बरं केलंत.

भाऊ,

खोटं नाही बोललात. पण हिशेब अर्धाच केलात, आणि तो मांडायची जागा चुकली. जागेचं नंतर बोलू, आधी हिशेब घेऊ.

तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तुमच्याच तालुक्यातला, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको. जोडी सुटते, धुळीचा लोट उठतो, लोक ओरडायच्या आत जोडी पार झालेली असते, आणि मग सगळ्या माना घड्याळवाल्याकडे वळतात. तो सेकंद सांगतो आणि भांडण तिथेच मिटतं. बाजूला कोणाची जोडी होती, तिचा एखादा बैल लंगडा होता का, हे कोणी विचारत नाही. धावणाऱ्याला घड्याळ आहे, वजन उचलणाऱ्याला काटा आहे. मुष्टियोद्ध्याला यातलं काहीच नाही. मी चौदा वर्षं स्पर्धांमध्ये रिंगच्या कडेला घंटेपाशी बसलो, हातात स्टॉपवॉच घेऊन. तीन मिनिटं झाली की घंटा मारायची, एक मिनिट गेलं की पुन्हा मारायची. त्या घड्याळाने मला राउंड संपल्याचं तेवढं सांगितलं. पोरगा किती पाण्यात आहे हे समोरचा पोरगा सांगायचा. बॉक्सिंगमध्ये समोर उभा असलेला माणूस हेच घड्याळ असतं, म्हणून 'कोणासमोर?' हा तुमचा प्रश्न बरोबरच आहे.

तुमची चूक पुढे आहे. तुम्ही घड्याळाचं नाव आणि वय पाहिलंत, त्या रात्री ते चालू होतं का हे पाहिलंच नाही.

मार्सियानोचंच घ्या. 'सारे म्हातारे' म्हणालात. बरं, मोजू. ऑक्टोबर 1951 मध्ये त्याने ज्यो लुईला आठव्या राउंडमध्ये पाडलं, तेव्हा लुई 37 वर्षांचा होता. लुईने जगज्जेतेपद 25 वेळा राखलं होतं, पण तो लुई वेगळा आणि हा वेगळा. पाय जड झालेले, हात उशिरा सुटणारे. त्यानंतर तो पुन्हा रिंगमध्ये उतरलाच नाही. तेव्हा लुईच्या नावाला लुईची पूर्ण किंमत लावू नका, इथे मी तुमच्या बाजूने आहे.

पण वर्षभराने, 23 सप्टेंबर 1952 ला फिलाडेल्फियात मार्सियानोसमोर जर्सी ज्यो वॉलकॉट होता. 38 वर्षांचा, म्हणजे लुईपेक्षाही थोराड, आणि गतविजेता. त्याने पहिल्याच राउंडमध्ये मार्सियानोला खाली बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मार्सियानोचं बूड जमिनीला लागलं ते त्या रात्री. बारा राउंड झाले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. उरलेले तीन राउंड नुसता तगून राहिला असता तरी पट्टा त्याच्याकडेच राहत होता. तेराव्यात वॉलकॉटची पाठ दोराला लागली, दोघांनीही उजवा हात एकदमच काढला, आणि मार्सियानोचा आधी पोहोचला. फूटभर अंतरातून आलेला ठोसा. वॉलकॉट एका गुडघ्यावर आला, डावा हात दोरात अडकला, आणि देवासमोर माथा टेकवावा तसा पुढे झुकून राहिला. आता सांगा, या रात्रीचं घड्याळ बंद होतं म्हणाल?

आर्ची मूरचं तर याहून मजेशीर. 1955 मध्ये तो मार्सियानोशी लढला तेव्हा चाळिशीच्या आसपास होता. नेमकं वय कोणालाच ठाऊक नव्हतं, त्याची आई एक साल सांगायची आणि तो दुसरं. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यासारखंच. 'म्हातारा' म्हणायला याच्याइतका सोयीचा माणूस नाही. त्याने दुसऱ्या राउंडमध्ये मार्सियानोला पाडलं आणि नवव्यात स्वतः पडला. पण हाच म्हातारा तीन वर्षांनी, डिसेंबर 1958 मध्ये, माँट्रियालला इव्हॉन ड्युरेलसमोर उभा राहिला. पहिल्या राउंडमध्ये तीनदा आणि पाचव्यात एकदा खाली गेला, चारही वेळा उठला आणि अकराव्यात ड्युरेलला संपवलं. मग 1955 चा मूर संपलेला कसा? वय दोघांचंही जास्त, पण लुई विझला होता आणि मूर जळत होता. 'सारे म्हातारे' म्हणून दोघांनाही तुम्ही एकच शेरा मारलात.

एझर्ड चार्ल्सला तर तुम्ही विसरूनच गेलात. पत्रात त्याचं नावही नाही. या चार्ल्सने मूरला तीनदा हरवलेलं. 1954 च्या जूनमध्ये तो मार्सियानोपुढे पूर्ण 15 राउंड उभा राहिला, आणि सप्टेंबरमध्ये त्याने मार्सियानोचं नाक असं फाडलं की लढत थांबवतात की काय अशी वेळ आली. मार्सियानोने आठव्यात त्याला बाद केलं. माझ्या लेखी मार्सियानोच्या 49 मधल्या चार-पाच रात्री अस्सल सोन्याच्या आहेत. बाकीचं पितळ म्हणा, माझी हरकत नाही.

आता तुमच्या अलीकडे येतो. राग मानू नका, मीही त्याचाच भक्त. पण त्यानेही 1962 मध्ये याच आर्ची मूरला चौथ्या राउंडमध्ये पाडलं, आणि तेव्हा मूर पंचेचाळिशीचा तरी होता. हे तुम्ही मुलाला कधी सांगितलं नसणार! आणखी एक. नोव्हेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनला अलीने क्लीव्हलंड विल्यम्सला तीन राउंडमध्ये संपवलं. अलीला इतका देखणा लढताना कधी पाहिला नाही, असं कित्येक जाणकार त्या रात्रीबद्दल म्हणतात. मीही ती लढत कितीदा पाहिली असेल. पण त्याआधी दोनच वर्षांपूर्वी विल्यम्सला पोलिसाची गोळी लागली होती, पोटात. एक मूत्रपिंड काढावं लागलं होतं. हे कळल्यावर ती लढत मला पूर्वीसारखी पाहवत नाही. अलीचे पाय तेच, हात तेच, पण समोरचं घड्याळ फुटलेलं.

तरीही अली मार्सियानोच्या वर बसतो, आणि त्याचं कारण तुम्ही म्हणता तेच आहे. 1971 मध्ये फ्रेझरने अलीला हरवलं. 1973 मध्ये नॉर्टनने हरवलं, जबडाही मोडला. आणि जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा जमिनीवर आणलं, नॉर्टनलाही दोनच राउंडमध्ये गुंडाळलं. म्हणजे ज्या दोघांनी अलीला हरवलं, त्या दोघांचा फोरमनने भुगा केला. 40 लढती, 40 विजय. पारावरचा कोणताही हिशेबनीस सांगेल की आता अलीचं काही खरं नाही. आणि 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात अलीने दोराला पाठ टेकून फोरमनला दमवलं आणि आठव्यात पाडलं. 'याने त्याला हरवलं, त्याने अमक्याला हरवलं, म्हणून हा अमक्याला हरवणारच' ही साखळी कुस्तीच्या फडात चालत नाही आणि इथेही चालत नाही. एखाद्याचा डाव एखाद्यालाच लागतो. फ्रेझर आणि नॉर्टनशी अली पुन्हा लढला, दोघांनाही हरवलं. मला मोठी वाटते ती ही गोष्ट: ज्यांनी पाडलं त्यांच्याच दारात तो परत गेला.

शंकरपटाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 2014 मध्ये न्यायालयाची बंदी आली ती डिसेंबर 2021 मध्ये उठली. त्या सात वर्षांत ऐन भरात असलेल्या किती जोड्या पट न पाहताच औताला म्हाताऱ्या झाल्या! अलीचंही तसंच झालं. सैन्यात जायला नकार दिला म्हणून 1967 च्या एप्रिलपासून 1970 च्या ऑक्टोबरपर्यंत त्याला रिंगबाहेर ठेवलं, वयाच्या पंचविशीत. ती साडेतीन वर्षं कुठल्याच यादीत दिसत नाहीत. लॅरी होम्सची गत उलटी झाली. तो खेळत राहिला, 48 पर्यंत अजिंक्य होता, पण अलीच्या काळातले मोठे मल्ल तोवर ओसरले होते, म्हणून लोक त्याला मोजायलाच तयार नाहीत. आणि 1980 मध्ये थकलेल्या अलीला हरवलं तर त्यावरही शिव्याच खाल्ल्या. एकोणपन्नासाव्या लढतीत, 1985 मध्ये, मायकेल स्पिंक्सकडून हरला. त्याच्या काळात कोण जन्माला आलं याचा जाब होम्सला विचारून काय उपयोग? जाब विचारायचा तो 'कोणाला टाळलंस?' याचा.

त्या बाबतीत मला फ्लॉइड मेवेदरच्या 50-0 शी, म्हणजे 50 विजय आणि शून्य पराभवांशी, भांडायला आवडतं. पॅकियावशी त्याची लढत व्हावी म्हणून जग 2009 पासून बोंबलत होतं, ती झाली मे 2015 मध्ये. मधल्या काळात, 2012 च्या डिसेंबरात, मार्केझने पॅकियावला तोंडावर पाडून बेशुद्ध केलेलं. लढत लांबली त्यात दोष दोन्ही बाजूंचा होता, आणि मेवेदर स्वतः पॅकियावपेक्षा दोन वर्षांनी मोठा, हेही खरं. पण घड्याळ पाहायचंच तर सहा वर्षं उशिरा का पाहिलं? उलट कानेलो अल्वारेझला त्याने 2013 मध्ये गाठलं, तो पोरगा 23 चा असताना. नावं दोन्ही मोठी आहेत, एक उशिरा लिहिलं आणि एक लवकर. तरी 2001 मध्ये डिएगो कोरालेसला त्याने पाच वेळा पाडलं ती रात्र मी कोणालाही दाखवायला तयार आहे. पन्नासावी लढत मात्र कॉनर मॅकग्रेगरशी, ज्याने व्यावसायिक बॉक्सिंगची एकही लढत त्याआधी खेळलेली नव्हती. ती मी मोजत नाही. तुमच्या यादीतल्या वॉकओव्हरची, म्हणजे समोरचा आलाच नाही म्हणून मिळालेल्या विजयाची, आणि त्या लढतीची किंमत माझ्याकडे सारखीच.

आता यादी. काल संध्याकाळी चष्मा लावून तीनदा वाचली.

तीन वॉकओव्हर. या तीन ओळी कागदावरून पुसून टाका. त्यात कोणाचा अपमान नाही, जिल्ह्याच्या स्पर्धेत एकेका वजनगटात दोन-तीनच नावं येतात हे सगळ्यांना माहीत आहे. चार लढती पहिल्याच राउंडमध्ये रेफ्रीने थांबवल्या. तुम्ही पुढे लिहिलंय 'पहिल्यांदाच ग्लोव्ह्ज घातलेले'. बरं, याही बाजूला ठेवू. उरल्या चार. त्यातल्या दोन एकाच मुलाशी, शेजारच्या तालुक्यातल्या. पहिली 3-2 ने, म्हणजे पाच पंचांपैकी तिघांच्या कौलाने, दुसरी सात महिन्यांनी 5-0 ने. 'त्याच पोराले दोनदा मारलं, त्यात काय' असा तुमचा शेरा आहे. अहो भाऊ, एकाच घड्याळावर दोनदा वेळ लावली आणि दुसऱ्यांदा पोरगा पुढे आला! यापेक्षा चांगली नोंद तुमच्या अख्ख्या कागदावर नाही. तो दुसरा मुलगाही मधल्या सात महिन्यांत झोपा काढत नसणार.

दहावी लढत ठीक आहे, 4-1.

आणि अकरावी. अकोल्याच्या मुलाशी, 3-2. तुम्ही पुढे एकच शब्द लिहिलाय: 'कसाबसा'. आणि मग समासात, बारीक अक्षरात, 'हा पोरगा मंग राज्य स्पर्धेत मेडल घेऊन आला'. हे समासात का? समोरच्याची किंमत त्या रात्री पूर्ण कळतच नाही, ती पुढेही वाढत राहते. 2019 च्या डिसेंबरात दिल्लीच्या निवड चाचणीत मेरी कोमने निखत झरीनला हरवलं. तेव्हा बऱ्याच जणांना ती म्हाताऱ्या सम्राज्ञीची आणि एका हट्टी पोरीची कुरबुर वाटली. निखत 2022 मध्ये जगज्जेती झाली, 2023 मध्ये पुन्हा झाली. मेरीची ती लढत आज तेव्हापेक्षा वजनदार आहे, आणि त्यासाठी मेरीला बोटही हलवावं लागलं नाही. तुमच्या मुलाचा 'कसाबसा' मिळवलेला विजय असाच वजन धरतोय. त्या मुलाने राज्यात जेवढी पदकं आणावीत तेवढं तुमच्या घरचं बरं.

मेरी कोमचं नाव घेतलं की काही लोक म्हणतात, तेव्हा बायकांच्या बॉक्सिंगमध्ये होतंच कोण? बायकांची जागतिक स्पर्धाच मुळी 2001 मध्ये सुरू झाली. त्यात तिला रौप्य, मग 2002 ते 2018 मध्ये सहा सुवर्णं. खेळ नवा होता म्हणून तिने काय घरी बसायचं होतं? 2012 मध्ये ऑलिम्पिकने बायकांना दार उघडलं तेव्हा सगळ्यात खालचा गट 51 किलोचा, आणि तिची मुख्य कमाई 46-48 किलोत. ती वरच्या गटात गेली, निकोला ॲडम्सकडून उपांत्य फेरीत हरली आणि कांस्य घेऊन आली. ॲडम्सने सुवर्ण नेलं. सहा सुवर्णांइतकंच ते हरणं मी मेरीच्या जमेला धरतो. हे जरा विचित्र वाटेल, पण घड्याळवाला माणूस असाच विचार करतो.

आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणचं उदाहरण मुलाला जरूर सांगा. 81 किलोवरच्या गटात खेळणाऱ्या मुलीला जिल्ह्यात जोडीदार मिळणार किती? पण 2021 मध्ये ती पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत गेली आणि सुवर्ण घेऊन आली. गावात कोणी समोर नाही हा काही गुन्हा नाही. बाहेर पडल्याशिवाय ते कळतही नाही.

आता जागेचं. सत्कारात शाल अंगावर असताना, नारळ हातात असताना, बापाने चारचौघांत 'कोणासंग?' विचारायचं नसतं. तो प्रश्न ओसरीतला होता. ओसरीत तो तुमच्याशी तासभर भांडला असता आणि मजेत झोपला असता.

मला याचं इतकं का लागलं तेही सांगतो, पूर्वी कधी लिहिलं नाही. विशीत मीही खेळायचो, आणि मीही अजिंक्य होतो. पाच लढती, पाच विजय. सहावी लढत एका जिल्ह्याच्या गावी, अंतिम फेरीची. आयोजकांकडे ग्लोव्ह्जच्या दोनच जोड्या, एक लाल आणि एक निळी, आणि सकाळपासून त्याच हात बदलत फिरत होत्या. मी लाल घातले तेव्हा आतलं अस्तर घामाने चिंब होतं, ओल्या घोंगडीत हात घालावा तसं. रिंगमध्ये जाऊन उभा राहिलो. समोरच्याचं नाव तीनदा पुकारलं. कोणी नाही. रेफ्रीने माझा हात वर केला, टाळ्या पडल्या, मी खाली उतरलो. ग्लोव्ह्जची नाडी सोडवत होतो तेव्हा दारातून एक पोरगा आत आला, खांद्यावर पिशवी, डोक्याला दुपट्टा, अंगभर धूळ. एसटी वाटेत बंद पडली होती, शेवटचे काही कोस तो पायी आलेला. तो आयोजकांशी भांडला नाही. सरळ माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "खेळायचं का? मेडल तुलेच ठेव. असंच, मागच्या मैदानात."

ग्लोव्ह्ज अजून माझ्या हातातच होते.

मी नाही म्हणालो. म्हटलं, पंचांनी निकाल दिलाय. तो माझ्याकडे बघत राहिला, मग नळावर जाऊन पाणी प्यायला. ते मेडल आमच्या देव्हाऱ्यात अजून आहे, आईने ठेवलेलं. ते कधी हातात घेतलं तर मला त्याचा दुपट्टा आठवतो. तो माझ्यापेक्षा चांगला होता की वाईट, हे मला या जन्मात कळणार नाही.

तुमच्या मुलाचं 'अकोल्याले जात नाही' माझ्या कानाला ओळखीचं वाटतं ते यामुळे. शून्य जपायची चटक लागली की माणूस वॉकओव्हरच्या शोधात फिरतो. पण त्याला हे तुम्ही सांगू नका, सध्या तुमच्या तोंडून तो काहीही ऐकणार नाही. एखाद्या संध्याकाळी त्याचा डबा घेऊन तुम्हीच वावरात जा. तुरीत रोही शिरतात म्हणून जागलीला दोन माणसं बरी, एवढंच निमित्त पुरे. माफी मागायला बसू नका, त्याला लाज वाटेल आणि तुम्हालाही. ही यादी काढा, अकराव्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, "ही कशी झाली रे?" मग गप्प राहा. त्या 3-2 बद्दल घरात त्याला आजवर कोणी विचारलेलंच नसणार. तो सांगेल, पहिला राउंड कसा गेला, कुठे लागलं, तिसऱ्यात काय सुचलं. मध्ये अलीला आणू नका. फारच राहवलं नाही तर वॉलकॉटची लढत लावा आणि तेरावा राउंड दोघांनी मिळून बघा. तिथे मार्सियानोचं मोठेपण तुम्ही कबूल करा, तेवढ्याने काम होईल.

अकोल्याबद्दल. थेट स्पर्धेत ढकलू नका. त्याच्या प्रशिक्षकांना सांगा की आधी दोन-तीन आठवडे तिकडच्या मुलांशी स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतींना, पाठवा, बनलं तर त्या अकराव्या लढतीतल्या मुलाशीच. समोरचा चांगला हवा याचा अर्थ पोराला वाघाच्या पिंजऱ्यात सोडणं नव्हे. चार लढतींचा खरा अनुभव असलेल्या मुलापुढे साठ लढतींचा कसलेला खेळाडू उभा केला तर त्यातून कोणालाच काही कळत नाही, नुसता मार बसतो. प्रशिक्षक 'अजून नाही' म्हणाले तर त्यांचं ऐका. डोक्याला कधी जोराचा मार लागून चक्कर आली असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ग्लोव्ह्ज घालू देऊ नका, मग स्पर्धा कुठलीही असो. आणि वजन उतरवायला त्याला उपाशी ठेवू नका. पत्रात तुम्ही 'आदल्या दिवशी काहीच खात नाही' असं सहज लिहून गेलात, ते मला खटकलं. 60 किलोत बसत नसेल तर वरच्या गटात जाऊ द्या.

धामणगावहून बडनेऱ्यावरून अकोल्याची गाडी आहेच. बॅगेत बँडेजच्या दोन जोड्या जास्तीच्या टाका आणि गमशील्ड त्याचं स्वतःचं असू द्या. कोरडा दुपट्टाही ठेवा, ग्लोव्ह्ज तिथेही ओलेच मिळतील. तुम्हीही जा. मागच्या रांगेत बसा, ओरडू नका, आणि वही न्या. बाराव्या ओळीत निकाल काय लागला ते शेवटी लिहा, आधी समोरच्या मुलाचं नाव लिहा.